बिनछपराची बस आणि दोन नरसाळी

मी एक जुनी बस आहे आणि मला छप्पर नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण बागेत येणारं प्रत्येक नवं मूल पहिला प्रश्न तोच विचारतं, "हिचं छप्पर कुठे गेलं?" मग कुणाचे तरी बाबा सांगतात की वादळात उडालं, कुणाची आजी म्हणते की चोरांनी नेलं. मित्रांनो, दोन्ही थापा आहेत. माझं छप्पर दिवसाढवळ्या, राजीखुशीने, चांगले पैसे मोजून कापून घेतलेलं आहे. ते कापलं म्हणून तर मी आज तुमच्यापुढे उभी आहे. ज्यांचं कापलं नाही त्या माझ्या बरोबरीच्या बस केव्हाच भट्टीत गेल्या आणि आता कुठे कुठे बादल्या होऊन पाणी भरत असतील.

जन्माच्या वेळचं मला फारसं आठवत नाही. ठोकाठोक फार होती आणि रंगाचा वास नाकात बसला होता, एवढंच. दोन मजले, लाल रंग, मागच्या बाजूला वळणाचा जिना, आणि पहिली नेमणूक बाजार ते बंदर. बाजारातून माणसं उचलायची आणि बंदरावर सोडायची, बंदरावरची उचलायची आणि बाजारात आणून ओतायची. वाटेत डाव्या हाताला सगळा समुद्र पसरलेला असे, पण त्याच्याकडे बघायला कुणाला सवड होती? सकाळी जाणारे घड्याळाकडे बघत आणि संध्याकाळी येणारे डुलक्या घेत. एखादं लहान मूल खिडकीला नाक लावून "आई, होडी!" म्हणायचं, आणि आई म्हणायची, "हो, हो, हात आत घे."

पुढे माझे सांधे कुरकुरायला लागले, नव्या बस आल्या आणि मला आगाराच्या मागच्या भिंतीला लावून ठेवलं. तिथे मी पावसात भिजले, उन्हात वाळले. कावळ्यांनी वरच्या मजल्यावर संसार थाटला. मला फार दुःख झालं असं नाही. बसला थांबायची सवय असते. फक्त एवढंच की पूर्वी थांबलं की दोनदा घंटा वाजायची आणि निघायचं असायचं. आता घंटा वाजवणारं कुणी नव्हतं.

मग एक दिवस बाबा आले. बाबा म्हणजे माझे जुने ड्रायव्हर. त्यांना सगळे बाबाच म्हणत, म्हणून मीही तेच म्हणते. माझ्याच मार्गावर त्यांनी केस पांढरे केले होते. माझ्यानंतर थोड्याच दिवसांत तेही निवृत्त झाले आणि घरी बसून कंटाळले. लोक निवृत्तीनंतर कुंड्यांमध्ये मिरच्या लावतात, बाबांनी भंगाराच्या भावात दोन मजली बस विकत घेतली. त्यांची बायको हयात असती तर तिने मला अंगणात पाऊल ठेवू दिलं नसतं, असं ते स्वतःच हसून सांगत.

अंगणात मला बघून त्यांची मुलगी कपाळावर हात मारून म्हणाली, "बाबा, ही ठेवणार कुठे, आणि हिचं करणार काय?"

"फिरायला नेणार," बाबा म्हणाले.

"कुणाला?"

"ज्याला फिरायचंय त्याला. इतकी वर्षं मी लोकांना कामाला सोडलं. आता जरा मजा बघायला नेतो."

गॅरेजच्या मेस्त्रीने गॅसकटर लावला आणि माझं छप्पर डब्याच्या झाकणासारखं कापून बाजूला ठेवलं. त्या दिवशी माझ्या वरच्या मजल्यावर पहिल्यांदा सरळ ऊन पडलं. कावळे शिव्या देत उडून गेले. लाल रंग खरवडून मला पिवळा रंग दिला आणि कठड्याला निळी पट्टी मारली. मेस्त्री लांब उभा राहून म्हणाला, "बाबा, लग्नाला निघाल्यासारखी दिसतेय." बाबांना इतका आनंद झाला की त्यांनी मेस्त्रीला मिठीच मारली, आणि निळी पट्टी त्यांच्या सदऱ्यालाही लागली.

बाबांची मुलं दोन. थोरली ताई आणि धाकटा छोट्या. ताई आधी संग्रहालयाच्या तिकीटखिडकीत बसत असे. ती खिडकी सोडून माझ्या वरच्या मजल्यावर माइक घेऊन उभी राहिली आणि येणाऱ्या पाहुण्यांना शहर समजावून सांगू लागली. छोट्याचं टक्कल पडलं तरी त्याचं नाव छोट्याच राहिलं. तो सुरुवातीला तिकिटं फाडायचा, नंतर बाबांच्या शेजारी बसून चालवायला शिकला आणि बाबांच्या गुडघ्यांनी दगा दिल्यावर माझं चाक त्याच्या हातात आलं. बस दोघांच्या नावावर होती. बाबांनी तशी लिहूनच ठेवली होती, म्हणजे भांडणाला जागा नको!

आमची फेरी अशी. बागेपासून निघायचं. आधी मासळीचा धक्का, तिथे सगळे नाकाला रुमाल लावून फोटो काढत. मग बर्फाचा कारखाना, त्याच्या पुढे एका मीठ-व्यापाऱ्याने बांधलेला निळ्या खिडक्यांचा महाल. नंतर टेकडी चढून दीपगृह. उतरलं की पोहण्याचा किनारा. तिथे लोक छोट्या होड्या वल्हवायचे, तोंडात नळी धरून पाण्याखाली मासे बघायचे, भाड्याच्या सायकलींवरून वाळूत रुतायचे. परत येताना सगळ्यांचे पाय ओले, जिन्यावर वाळू, सीटवर तेलकट डाग, आणि कुणाची तरी बादली नाहीतर एक चप्पल हमखास माझ्यात राहिलेली. संध्याकाळची फेरी सूर्यास्त बघून संपायची. मी तो रोज बघितला आहे. तुम्हाला सांगते, बहुतेक वेळा ढग असतात. ताई मात्र कधीच तसं आधी सांगायची नाही.

या कामात एक अडचण होती. ताई वर, ड्रायव्हर खाली. ताईची गोष्ट एका वेगाने चालायची आणि मी दुसऱ्या. दीपगृहाच्या म्हाताऱ्या रखवालदाराची गोष्ट अर्ध्यावर असताना दीपगृह मागे पडलेलं असायचं. घंटेची दोरी होती, पण घंटा सांगून सांगून काय सांगणार, "थांब" आणि "चल". मग बाबांनी बागेला पाणी घालायची रबरी नळी आणली, ती जिन्याच्या कडेने वरपासून खालपर्यंत ओढली आणि दोन्ही टोकांना स्वयंपाकघरातली पत्र्याची दोन नरसाळी बसवली. एक ताईच्या कानाशी, एक चाकाच्या शेजारी. वरच्या नरसाळ्यात बोललं की खाली ऐकू येई, खालच्यात बोललं की वर.

"हळू घे, दीपगृह संपलं नाही अजून," वरून यायचं.

"लांबव जरा, पुढे गर्दी आहे," खालून जायचं.

"लांबव जरा" हे बाबांचं खास होतं. पुढे ट्रक अडकला, बैल आडवे आले, काहीही झालं की बाबा नरसाळ्यात म्हणायचे, "ताई, लांबव जरा." आणि ताई रखवालदाराच्या गोष्टीत एक मांजर घालायची. गर्दी जास्त असेल तर मांजराला पिल्लं व्हायची. पाहुण्यांना वाटे, काय रंगवून सांगते ही बाई! छोट्याने चाक हाती घेतल्यावरही तेच चालू राहिलं. दोघं भावंडं दिवसभर त्या नळीतून बोलत असत. गोष्टींबद्दल, गर्दीबद्दल, जेवायला काय आहे, कुणाचा टॉवेल राहिला. बाबा खालच्या मजल्यावर पहिल्या सीटवर बसून ऐकायचे आणि गालात हसायचे. माझ्या आयुष्यातले ते चांगले दिवस होते. लोकांनी फार वाखाणलं मला. पण मी तुम्हाला केवळ चांगल्या दिवसांचं सांगायला उभी नाही.

ताईने तोवर कधी सुट्टी घेतली नव्हती. दुसऱ्यांना शहर दाखवण्यात तिची वर्षं गेली, स्वतः ती या शहराबाहेर पडली नव्हती. शेवटी तिच्या नवऱ्याने हट्टाने तिकिटं काढली आणि ती नवऱ्याला, मुलीला घेऊन लांब डोंगरात फिरायला गेली. जाताना बाबांनी तिला सांगितलं, "तिथे कुणाला काही समजावून सांगत बसू नकोस. नुसतं बघ."

ती गेली आणि बाबांच्या छातीत दुखायला लागलं. गाडी मिळेना, म्हणून छोट्याने त्यांना माझ्यातूनच दवाखान्यात नेलं. पहिल्या सीटवर बाबा, चाकावर छोट्या आणि बाकी मी रिकामी. त्यामुळे पुढचं बोलणं मी स्वतः ऐकलं आहे.

"ताईला कळवू नकोस," बाबा म्हणाले.

"बाबा, असं कसं?"

"आत्ता कुठे बघायला गेलीय ती. बघू दे तिला. दोन दिवसांत घरी येतो मी. तोवर तोंडाला कुलूप."

"पण ती मला खाईल नंतर."

"माझ्या नावावर ढकल."

बाबा दोन दिवसांत घरी आले नाहीत. आलेच नाहीत. ताई परतली तेव्हा सगळं आटोपलं होतं. अंगणात, माझ्या पायरीपाशी, ती छोट्यासमोर उभी राहिली. तिच्या पाठीवर अजून प्रवासाची पिशवी होती.

"एक फोन करता आला नाही तुला?"

"बाबांनी नको सांगितलं होतं."

"बाबा आजारी होते, छोट्या. तू तर शुद्धीवर होतास ना?"

 छोट्या माझा आरसा पुसायला लागला. आरसा स्वच्छच होता. ताई घरात निघून गेली.

मित्रांनो, तुम्ही विचाराल, चूक कुणाची? मी बस आहे. मला कुणाची बाजू घेता येत नाही. बाबांचं शेवटचं म्हणणं छोट्याने पाळलं आणि ताईला बाबांचं शेवटचं दर्शन झालं नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, आणि दोन्ही माझ्याच आत बसून होत्या.

फेऱ्या बंद ठेवून चालणार नव्हतं. पहिल्याच दिवशी, दीपगृहाच्या चढावर, छोट्याने नरसाळ्याला तोंड लावलं आणि हळूच म्हणाला, "ताई, ऐक ना." ताईने ते ऐकलं. तिने खांद्यावरच्या पिशवीतून पुसायचं फडकं काढलं, त्याचा बोळा केला आणि वरच्या नरसाळ्यात अंगठ्याने घट्ट दाबून बसवला. मग माइक उचलून पाहुण्यांना म्हणाली, "मंडळी, उजवीकडे बघा."

छोट्याला बोळा दिसला नाही. त्याला एवढंच कळलं की ताईने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तो आणखी काही दिवस नरसाळ्याकडे बघत राहिला. नंतर त्यानेही तेल पुसायच्या चिंधीचा बोळा करून खालच्या नरसाळ्यात कोंबला. म्हणजे उत्तराची वाट बघायला नको.

असे दोन बोळे झाले. वरच्याला खालच्याचा पत्ता नाही, खालच्याला वरच्याचा नाही. मधली नळी बिचारी रिकामी.

आता गंमत बघा. माणसं बोलायची थांबली तरी बोलल्यावाचून राहात नाहीत. ताई माइकवरून पाहुण्यांना म्हणायची, "आज आपल्या चालकांना घाई दिसते, मंडळी. घरी दूध उतू चाललं असेल." माइकचा एक भोंगा खालच्या मजल्यावरही होता, त्यातून ते छोट्याला ऐकू यायचं. तो हॉर्न एकदा जोरात दाबायचा. ताई म्हणायची, "चालकांनाही पटलेलं दिसतंय." पाहुणे हसायचे. त्यांना वाटे, हा खेळाचाच भाग आहे.

वेग आणि गोष्ट मात्र कायमची चुकली. ताई निळ्या खिडक्यांच्या महालाबद्दल सांगायला लागे तेव्हा मी नेमकी बर्फाच्या कारखान्यासमोर असे. "या वास्तूत व्यापाऱ्याच्या सात मुली वाढल्या," ताई सांगायची, आणि पाहुणे भक्तिभावाने बर्फाच्या कारखान्याचे फोटो काढायचे. कारखान्याचा पहारेकरी सुरुवातीला गोंधळला. मग कॅमेरे दिसले की केस नीट करून दारात उभा राहायला लागला. जगात कुठे कुठे, कुणाकुणाच्या घरी त्या पहारेकऱ्याचा फोटो व्यापाऱ्याचा वंशज म्हणून लावलेला असेल, कोण जाणे.

एकदा छोट्याला मोठा ताप आला. बदली ड्रायव्हर चार फेऱ्यांत माझे गिअर रडवून गेला. छोट्या बरा होऊन परत आला, वाळलेला, डोळे खोल गेलेले. त्या दिवशी ताईने पाहुण्यांना किनाऱ्यावर सोडलं. वरचा मजला रिकामा झाल्यावर तिने नरसाळ्यातला बोळा उपसून काढला आणि आत तोंड घालून विचारलं, "बरं वाटतंय का रे?"

ते शब्द माझ्या नळीतून खाली आले आणि चिंधीच्या बोळ्यावर आपटून तिथेच राहिले. चाकाशी बसलेला छोट्या केळं सोलत होता. त्याला काहीच ऐकू आलं नाही. ताईने बराच वेळ कान लावून ठेवला. मग तिने बोळा परत बसवला, पहिल्यापेक्षा घट्ट. मला दोघांनाही ओरडून सांगावंसं वाटलं. पण माझ्याकडे आवाज म्हणाल तर इंजिनाचा, आणि तो काय, नेहमीच चालू असतो.

दरवर्षी मेस्त्रीकडे जायचं तेव्हा छोट्या मला एकटाच घेऊन जाई. ती वाट गोदामांच्या गल्लीतून होती. तिथे दोन गोदामांना जोडणारा एक लोखंडी पूल आहे, इतका ठेंगणा की वर बसलेल्यांची डोकी जेमतेम त्याच्या खालून जातील. वर कुणी उभं असेल तर त्याची धडगत नाही. पण गॅरेजला जाताना वर कुणी नसेच. ताई कधी त्या वाटेने आली नव्हती. मेस्त्री दरवेळी नरसाळ्यावर टिचकी मारून म्हणायचा, "मालक, ही नळी चोंदलीय. काढून टाकू की साफ करू?" छोट्या म्हणायचा, "राहू दे."

असं चालता चालता एक हंगाम संपत आला. त्या दिवशी दीपगृहाची गोष्ट संपवून ताई माइकवर म्हणाली, "मंडळी, एक सांगायचं राहिलं. पुढच्या हंगामात तुम्ही आलात तर मी या बसवर नसेन. बंदरात नवं सहलीचं जहाज येतंय, तिथे मला बोलावलंय. हा माझा इथला शेवटचा आठवडा."

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. छोट्याला हे भोंग्यातून कळलं, परक्या माणसांच्या बरोबरीने. तो पोहण्याच्या किनाऱ्यावर थांबायचं विसरला आणि तसाच पुढे गेला. वरून घंटा वाजत राहिली. टॉवेल खांद्यावर टाकून जिन्यात उभे राहिलेले लोक ओरडायला लागले तेव्हा कुठे त्याचा पाय ब्रेकवर गेला. संध्याकाळी अंगणात मला लावल्यावर तो बराच वेळ चाकावरच बसून होता. ताईशिवाय फेऱ्या चालणार नव्हत्या, हे त्याला ठाऊक होतं. ताई गेली की मला विकायचं, हेही तो दुसऱ्या दिवशी मेस्त्रीजवळ बोलून गेला. मेस्त्री म्हणाला, "बस विकाल हो मालक, पण बहिणीचं काय?" 

ताईचा शेवटचा दिवस उजाडला. समुद्र खवळलेला होता. लाटांनी किनाऱ्यालगतचा रस्ता एका ठिकाणी खचवला होता आणि पोलीस सगळ्या गाड्या आत वळवत होते. छोट्याने मला गोदामांच्या गल्लीत घातलं. मागे गाड्यांची रांग लागली. गल्ली उताराची होती.

वर ताई नेहमीसारखी उभी होती, तोंड पाहुण्यांकडे, पाठ पुढच्या बाजूला. गोदामांबद्दल तिला फारसं माहीत नव्हतं, म्हणून ती रखवालदाराचं मांजर इकडे आणत होती. आवाज एकसारखा चालला होता. छोट्या तो आवाज भोंग्यातून ऐकत होता. ताई बसून बोलत नाही, हे त्याला पाठ होतं. आणि गाड्यांच्या गडबडीत त्याच्या डोक्यातून गेलेला तो लोखंडी पूल समोर वळणावर दिसला.

शहाण्या माणसाने तिथेच ब्रेक मारला असता. पण इतक्या वर्षांत छोट्याच्या हाताला एक सवय लागली होती आणि तो अबोला त्या सवयीच्या वरवर साचला होता एवढंच. त्याचा हात आधी नरसाळ्याकडे गेला. त्याने चिंधीचा बोळा उपटून खाली फेकला आणि आत तोंड घालून ओरडला, "ताई, खाली बस!"

मांजराची गोष्ट चालूच राहिली.

"ताई, खाली बस! पूल आहे! ताई!"

त्याचा सगळा आवाज माझ्या नळीतून वर गेला आणि फडक्याच्या बोळ्याशी जाऊन अडकला. "आणि त्या मांजराला काय झालं माहितेय का, मंडळी," भोंगा म्हणाला. तेव्हा छोट्याने दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. इतका जोराचा ब्रेक माझ्या आयुष्यात कुणी मारला नव्हता. माझे सांधे कडाडले. वर ताई भेलकांडली आणि दोन सीटच्या मधे आदळली. माइक कठड्यावर आपटून किंचाळला. कुणाचा तरी चष्मा उडाला, कुणाची तरी टोपी गेली. मागच्या गाड्यांनी एकच गोंगाट केला.

ताई उठली ती पेटूनच. हाताला खरचटलं होतं. "हा काय शेवटच्या दिवशीचा राग काढतोय का?" असं ती मोठ्याने म्हणाली, तेही माइकशिवाय. पुढच्या सीटवरच्या आजीबाईंनी तिच्या मागे बोट दाखवलं. ताई वळली. पुलाची लोखंडी तुळई तिच्या कपाळासमोर होती. हात लांब केला असता तर लागली असती.

 ती तुळईकडे बघत राहिली. मग तिचं लक्ष नरसाळ्याकडे गेलं, कारण नरसाळं थरथरत होतं. बोळ्याच्या मागे काहीतरी गुणगुणत होतं, माशी कोंडल्यासारखं. ती गुडघ्यांवर बसली आणि बोळा ओढू लागली. खाऱ्या हवेने तो लाकडासारखा झाला होता. नखं लागेनात. तिने केसातला आकडा काढला, बोळा टोकरला, खेचला आणि तो एकदम सुटून तिच्या हातात आला.

नळीतून छोट्याचा आवाज आला. बस केव्हाच थांबली होती, पण त्याला त्याचं भान नव्हतं. तो डोळे मिटून, दोन्ही पाय ब्रेकवर रोवून, एकच म्हणत होता, "ताई, खाली बस गं. ताई, खाली बस गं."

ताईने नरसाळ्यात तोंड घातलं.

"बसले रे," ती म्हणाली.

खालचा आवाज थांबला. मागच्या गाड्या हॉर्न वाजवतच होत्या. 

मग ताई जिना उतरून खाली आली. चाकाशी छोट्या बसला होता, घामाने डबडबलेला. त्याच्या पायाशी तेलकट चिंधी पडलेली होती. ताईच्या मुठीत तिचं फडकं होतं. तिने चिंधीकडे बघितलं, छोट्याने फडक्याकडे.

"तूपण?" ताई म्हणाली.

"तूपण?" छोट्या म्हणाला.

"कधीपासून?"

"जवळजवळ पहिल्यापासून. तू उत्तर देईनास, मग..."

ताई पायरीवर बसली. "तापातून उठलास तेव्हा मी विचारलं होतं तुला. बरं वाटतंय का म्हणून."

छोट्याने चाकावर कपाळ टेकलं. "मला ऐकूच आलं नाही गं." मग त्याने तेव्हाचं उत्तर आत्ता दिलं, "वाटलं होतं बरं."

"तेव्हाही असंच ओरडायला हवं होतंस, छोट्या. बाबांच्या वेळी. ते नको म्हणाले तरी."

"हो," छोट्या म्हणाला. एवढंच. ताईने त्याचं टक्कल फडक्याने पुसलं. ते फडकं किती घाण होतं हे तिच्या लक्षात आलं नाही. मग ती वर गेली, सगळ्यांना खाली बसवलं, स्वतः बसली, आणि नरसाळ्यात म्हणाली, "बसलेत सगळे. चल."

आम्ही पुलाखालून हळूहळू पार झालो.

ताई जहाजावर गेली. शब्द दिला होता, तो तिने पाळला. छोट्याने मला अंगणात झाकून ठेवलं, विकलं नाही. एकाच हंगामात ताई परत आली. म्हणाली, "तिथला कप्तान काचेच्या खोलीत बसतो. मी काय सांगतेय त्याचं त्याला सोयरसुतक नाही. देवमासा डावीकडे आणि आम्ही उजवीकडे." मग आम्ही पुन्हा फिरलो, माझ्या इंजिनाचे भाग बाजारात मिळायचे बंद होईपर्यंत. बर्फाच्या कारखान्याचा पहारेकरी तेवढा नाराज झाला, कारण त्याचे फोटो काढणं बंद झालं.

आता मी समुद्रकाठच्या या बागेत उभी आहे. इंजिन काढून नेलं, चाकं जमिनीत पुरली. चालत नाही याचं मला वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? सूर्यास्त मात्र इथूनही दिसतो, ढग नसले तर. तुम्ही माझ्या जिन्यावरून पळता, चाक फिरवता, कठड्यावर खिळ्याने नावं कोरता. कोरा बापडे, रंग देणारा माळी दरवर्षी येतो. माझं मागणं एकच आहे, मित्रांनो. माझ्या नरसाळ्यात वेफर्सची पाकिटं आणि आइस्क्रीमच्या काड्या कोंबू नका. कोंबताना कुणालाच काही वाटत नाही, आणि पलीकडच्याला तर ते दिसतही नाही. काढायला मात्र नखं पुरत नाहीत. नळी साफ ठेवा, आणि एकदा विचारून उत्तर आलं नाही तर जिना उतरून बघून या. जिना काही फार मोठा नाही.

संध्याकाळी कधी तुम्हाला इथे दोन म्हातारी माणसं दिसतील. बाई वर चढून मुलांना गोळा करते आणि दीपगृहाच्या रखवालदाराची गोष्ट सांगते. टक्कल असलेले आजोबा खाली चाकाशी बसतात. समोर रस्ता नाही, वाळू आहे आणि वाळूपुढे पाणी. मुलांच्या आया हाका मारायला लागतात, अंधार पडायला येतो, गोष्ट संपत आलेली असते. तेव्हा आजोबा नरसाळ्याला तोंड लावतात आणि म्हणतात, "ताई, लांबव जरा. पुढे गर्दी आहे."

आणि वर मांजराला पिल्लं होतात.